अण्णांना सांगितलेलं गाणं

मला गाता येत नाही. सूर कळतो, पण गळ्यातून निघत नाही. त्यामुळे गाण्याचं सुख मला दोनच प्रकारे मिळालं. एक ऐकून, आणि दुसरं म्हणजे कुणाला तरी हाताला धरून बसवून "हे ऐका" असं सांगून. तरुणपणी हे दुसरं सुख मला पहिल्यापेक्षा मोठं वाटायचं. एखादी तबकडी आवडली की ती मी दोनदा पुरती ऐकत नसे. तिसऱ्यांदा ऐकताना शेजारी कोण असावं याचाच विचार चालू व्हायचा.

सोलापुरात शाळामास्तर म्हणून लागलो तेव्हा माझ्याकडे दोन ट्रंका आणि एक पेटीचा ग्रामोफोन होता. ग्रामोफोन मिरजेच्या मामांनी दिलेला. त्यांना मूलबाळ नव्हतं, गाण्याचा नाद मोठा होता, आणि नवी तबकडी घेतली की जुनी ते मला पाठवून द्यायचे. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, वर सुतळी, आणि आत चिठ्ठी: "सुई बदलून लावणे."

शाळेतल्या सोबत्यांना मी ऐकवत असे. ते चांगले होते, बसायचे, मान हलवायचे. पण तबकडी संपता संपता कुणीतरी मुख्याध्यापकांचा विषय काढायचा आणि माझा हिरमोड व्हायचा. मला हवा होता तो श्रोता मला कापडाच्या दुकानात भेटला.

मंगळवार पेठेत एका लिंगायत गृहस्थांचं लुगड्यांचं दुकान होतं. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, अंगानं भरलेले, कपाळावर भस्माचे पट्टे. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणायची, तसं मीही म्हणू लागलो. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि गिऱ्हाईक पद्मशाली विणकर असेल तर कामापुरतं तेलुगू. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते गजानं कापड मोजत होते आणि मोजता मोजता काहीतरी गुणगुणत होते. आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. गुणगुणणं मात्र जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं सुरू झालं.

मी म्हणालो, "अण्णा, हा भूप आहे ना?"

"नाव मला ठाऊक नाही हो," ते म्हणाले. "लहानपणी मठात ऐकलेलं आहे. कुणी सांगतो भूप, कुणी काय. तुम्ही गाता काय?"

"नाही. ऐकतो."

"मग बसा की," असं म्हणून त्यांनी गादीवरचं ठाण बाजूला सरकवलं.

त्या रविवारी सकाळी ते माझ्या खोलीवर आले. मी एक ख्यालाची तबकडी लावली. अण्णांनी डोळे मिटले नाहीत, मान हलवली नाही. गुडघ्यांवर हात ठेवून ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. संपल्यावर "बरं आहे" एवढंच म्हणून उठले आणि गेले. मला वाटलं, हेही गेलं वाया.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेच्या फाटकाशी उभे. दुकान सोडून आले होते.

"मास्तर, काल तो गवई तीनदा वर गेला. तिसऱ्यांदा अर्ध्यातनंच परत फिरला. का बरं?"

ती तबकडी मी शंभरदा तरी ऐकली असेल. हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन लावली, आणि खरंच, तिसऱ्यांदा तो वरच्या षड्जाला हात लावायच्या आधीच वळत होता. आणि सगळा गोडवा त्या न लावलेल्या सुरात होता. त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला तो मला अजून नीट सांगता येत नाही. मी त्यांना एक वस्तू दिली होती आणि ती मोठी होऊन माझ्याकडे परत आली होती.

त्यानंतर तीन वर्षं आमचे रविवार असे गेले. मामांची तबकडी आली की पहिल्या रविवारी ती अण्णांना ऐकवायची. ते त्या दिवशी काही बोलायचे नाहीत. दोन दिवसांनी, तीन दिवसांनी, कधी रस्त्यात गाठून एखादाच प्रश्न विचारायचे. त्या प्रश्नाची मी वाट बघत राहायचो.

अण्णांना दोन मुलं झाली होती आणि दोन्ही दोन वर्षांच्या आत गेली होती. तिसरं मूल, ही मुलगी, जगलं. ती सहा वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला. पहिला आठवडा कसाबसा गेला. दुसऱ्या आठवड्यात तिला माणसं ओळखू येईनात. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येत, पण बाहेर आल्यावर अण्णांच्या डोळ्याला डोळा देत नसत. मी शाळा सुटली की जाऊन ओसरीवर बसायचो. करण्यासारखं काही नव्हतं. पाणी आणून द्यायचं, बर्फ मिळतो का बघायचा.

अठराव्या दिवशी पहाटे अण्णा तळ्यात बुडी मारून ओल्या धोतरानं सिद्धेश्वराच्या देवळात गेले. काय बोलले ते कुणाला सांगितलं नाही. तीन दिवसांनी ताप उतरला. मुलगी हाडांचा सापळा झाली होती, केस गळले होते, पण तिनं पेज मागितली. अण्णांच्या घरच्यांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ती पेज भरवताना मी दारातून पाहिलं. अर्धी पेज मुलीच्या हनुवटीवरून खाली येत होती आणि त्या ती बोटानं निपटून पुन्हा भरवत होत्या.

महिन्याभरानं मामांची नवी तबकडी आली. मी उत्साहानं दुकानात गेलो.

"अण्णा, रविवारी या. फार दिवस झाले."

त्यांनी हातातलं लुगडं घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "मास्तर, मी गाणं सोडलं."

मला आधी कळलंच नाही.

"देवाला बोललो. पोर वाचली तर जन्मात गाणं ऐकणार नाही म्हणून. आधी मनात आलं, गोड सोडावं. मग वाटलं, गोड सोडून काय सोडलं मी? देवाला फसवल्यागत झालं असतं. मला सगळ्यात जास्त काय लागतं ते त्याला ठाऊक आहे की."

मनातून मला खात्री होती की हे टिकायचं नाही. लोक वांगं सोडतात, तंबाखू सोडतात आणि वर्षाच्या आत काहीतरी पळवाट काढतात. अण्णांनी काढली नाही. पेठेतून वरात निघाली आणि वाजंत्री जवळ आली की ते दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली की सगळं गाव वाजतगाजत तिकडं लोटायचं, अण्णा घरी. मठातलं भजन सुरू होण्याआधी ते दर्शन घेऊन बाहेर पडायचे. देवाचं भजनसुद्धा का सोडता, असं कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यातच तर सगळ्यात जास्त गोडी होती मला." आणि कापड मोजताना ते आता आकडे मोठ्यानं म्हणायचे.

दीड वर्ष असं गेलं. मग मामांकडून ती तबकडी आली.

तोडी होती. गाणाऱ्या बाई वयस्कर असाव्यात. आवाजाला जरा खरखर होती. पण कोमल धैवतावर त्या अशा काही थांबत की ऐकणाऱ्याला आपला श्वास आपण रोखून धरलाय हे मागाहून कळावं. मी ती सलग चारदा ऐकली आणि प्रत्येक वेळी एकच वाटलं: हे अण्णांनी ऐकलं पाहिजे. सोबतच्या मास्तरांना ऐकवली. एक म्हणाले, "आवाज जरा जाड आहे." दुसऱ्यांनी चहा मागितला. मी चिडून पेटी बंद केली. ती तबकडी घरात असून मला ती पुरी मिळालीच नाही असं वाटत राहिलं. ज्या एका माणसाला ती सांगायची, तोच ऐकणार नव्हता.

यानंतर मी जे केलं त्याची लाज मला आजही आहे.

अण्णांना इंग्रजी वाचता येत नसे. म्युनिसिपालिटीचं पत्र आलं की ते माझ्याकडे घेऊन येत. एकदा दुकानाच्या पुढच्या पायरीबद्दल असंच पत्र आलं आणि त्यांनी शनिवारी निरोप धाडला की उद्या सकाळी वाचून घ्यायला येतो. मी ग्रामोफोनची चावी भरून ठेवली. तबकडी लावून, सुई वर उचलून तयार ठेवली. मनाला सांगितलं की चुकून कानावर पडलं तर नवस मोडत नाही. अण्णा आले, पत्र हातात दिलं, बसले. मी "आलोच" म्हणून उठलो आणि सुई टेकवली.

अण्णा लगेच उठले नाहीत.

हे मी पाहिलं. त्यांचा हात दाराच्या चौकटीकडे गेला आणि तिथंच राहिला. चेहरा तहानलेल्या माणसाचा असतो तसा झाला. पहिला आलाप संपून बाई धैवतावर येऊन थांबल्या, तोवर ते तसेच अर्धवट उठलेल्या स्थितीत होते. मग एकदम भानावर आल्यासारखे बाहेर पडले. जोडे घातले नाहीत. पत्र माझ्याच हातात राहिलं.

तिसऱ्या दिवशी मुलीला ताप आला.

मला ते शाळेत कळलं. वर्गात फळ्यावर काय लिहीत होतो ते आठवत नाही, खडू खाली ठेवला आणि गेलो. दुकान बंद होतं. घराचं दार अण्णांच्या घरच्यांनी अर्धंच उघडलं. त्या माझ्याशी नेहमी पदर सावरून मोकळेपणी बोलायच्या. त्या दिवशी खाली बघत म्हणाल्या, "मास्तर, तुमी काही दिस येऊ नका."

आतून मुलीचं खोकणं ऐकू येत होतं. अण्णा दिसले नाहीत.

तीन दिवस मी सकाळी शाळेआधी समोरच्या कट्ट्याशी जाऊन उभा राहायचो. डॉक्टर बाहेर पडले की त्यांना गाठायचो. ते म्हणायचे, साधा सर्दीचा ताप आहे, मास्तर, तुम्ही सगळे इतके का घाबरलात? मी त्यांना काय सांगणार? चौथ्या दिवशी मुलगी ओसरीवर भाकरीचा तुकडा खात बसलेली दिसली. मी तसाच माघारी फिरलो. घरी येऊन ग्रामोफोन चादरीत गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. मामांना पत्र लिहिलं की इतक्यात तबकडी पाठवू नये, प्रकृती बरी नाही.

आठ महिने आम्ही बोललो नाही. पेठेतून जायचं असेल तर मी वळसा घालून बाळीवेशीकडून जायचो. एकदा समोरासमोर आलो तेव्हा अण्णांनी हात जोडले, मीही जोडले, आणि दोघंही आपापल्या वाटेनं गेलो.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेच्या फाटकाशी उभे दिसले. केस पुष्कळ पिकले होते. आम्ही आवारातल्या लिंबाखाली बसलो. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं.

"तुम्ही लावलंत, तो तुमचा दोष. तो तुमच्यापाशी. पण मी बसून राहिलो की मास्तर. मला उठायला उशीर झाला. पोरीला ताप आला तेव्हा मला तुमचा राग नाही आला, माझाच आला. म्हणून तोंड दाखवत नव्हतो."

मग त्यांनी विचारलं, "त्या बाई तिथं थांबल्या. पुढं काय केलं त्यांनी?"

"पण अण्णा, तुमचा नवस?" मी म्हणालो.

"मठात स्वामींना विचारून आलोय," ते म्हणाले. "ते म्हणाले, ऐकणार नाही असं बोललास, विचारणार नाही असं नाही बोललास. पण गुणगुणून दाखवायचं नाही. तेवढं झालं की ते ऐकणंच झालं."

मला सांगता येईना. आठ महिने ती तबकडी मी ऐकली नव्हती, आणि त्याआधी ऐकली तेव्हा "वा" यापलीकडे मनात काही नव्हतं. त्या संध्याकाळी ग्रामोफोन माळ्यावरून खाली काढला. रविवारी सकाळी आम्ही तळ्याच्या बांधावरून चालत निघालो आणि मी शब्दांनी सांगायला लागलो.

"धैवतावरून त्या खाली येतात. पण सरळ नाही. एक सूर हळू उतरतात, मग जणू खाली जायचं मनातून काढून टाकतात."

"आणि तबला?"

"तबला त्यांच्यासाठी थांबत नाही."

अण्णा दहा पावलं चालले. "मग त्या मागून येऊन त्याला गाठत असणार. नुसत्या मागं राहणार नाहीत. परत ऐका."

मी घरी येऊन ऐकलं. बाई समेच्या अगदी आधी, एका छोट्या तानेत, सगळं अंतर भरून काढून तबल्याला गाठत होत्या. अण्णांनी ते न ऐकता ओळखलं होतं. मी सुई उचलून तीच जागा पुन्हा लावली.

पुढची कितीतरी वर्षं मी अण्णांना असं गाणं सांगितलं. आठवडाभर एकच तबकडी ऐकायची. काय सांगायचं ते मनात जुळवायचं. कधी वहीत लिहून ठेवायचं आणि ती वही मात्र घरीच ठेवायची, कारण वाचून दाखवलेलं त्यांना आवडत नसे. आधी मी दुसऱ्याला ऐकवायला अधीर असायचो, त्यात माझी आवड मिरवण्याचा भाग किती होता हे मला या रविवारांनी दाखवलं. आता मिरवायला जागाच नव्हती. नीट ऐकलं नाही तर पहिल्या दोन वाक्यांतच अण्णांना कळायचं. "आज तुमचं लक्ष नव्हतं," असं ते सरळ म्हणायचे, आणि आम्ही पावसापाण्याच्या गोष्टी बोलत परत यायचो.

मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली तेव्हा अण्णांनी तिला माझ्याकडे आणलं. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "हिला ऐकवा. सोडलंय ते मी. तिनं नाही." आणि आपण रस्त्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

मी तिला अर्थातच तोडी लावून दिली. ती शहाण्यासारखी बसली, मधे एकदा खिडकीतून बघितलं, मधे वेणीचं टोक सोडवून परत बांधलं. संपल्यावर म्हणाली, "मास्तरकाका, नाटकातलं नाही का काही?" मी नाइलाजानं एक हलकंफुलकं नाट्यपद लावलं. ते तिनं तीनदा ऐकलं आणि उड्या मारत गेली.

रविवारी मी अण्णांना हे जड मनानं सांगितलं. ते चालता चालता थांबले आणि हसू लागले. नवसानंतर त्यांना असं हसताना मी प्रथमच पाहिलं.

"तुमच्या आवडीचं तिच्या गळ्यात घालायला निघालात की तुम्ही. तिला काय गोड लागतं ते बघा. तिथनं चालवत न्या."

मी तसं केलं. दर आठवड्याला ती यायची. नाट्यपदांवरून ठुमरीवर, तिथून हळूहळू ख्यालावर. तोडी तिला कधी फारशी आवडली नाही. तिला भैरवी आवडायची, आणि सारंगी वाजू लागली की ती पुढं सरकून बसायची. ते मी अण्णांना जाऊन सांगायचो आणि ते खाली मान घालून ऐकायचे.

पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं, विजापूरकडे. लग्नाला सनई होती. अण्णांनी कन्यादान केलं ते कानांत कापसाचे बोळे घालून. व्याह्यांना वाटलं, यांना ऐकू कमी येतं. अण्णांनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

दोन वर्षांनी अण्णा गेले. दुकानात बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि संपलं. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून, फुलांनी सजवून नेलं. पुढं भजनी मंडळी होती, टाळ आणि मृदंग होते, आणि सगळ्या वाटेनं मोठ्यानं गात होती. मी त्यांच्या अगदी जवळून चालत होतो. इतक्या वर्षांत गाणं ऐकू आलं की अण्णांना उठून जाताना पाहायची मला सवय झाली होती. त्या दिवशी ते उठले नाहीत. भजन चांगलं चाललं होतं. गाणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज स्वच्छ होता. मला रडू आलं ते स्मशानात नाही, त्या वाटेवर आलं.

मुलगी दिवस होईपर्यंत माहेरी राहिली. परत जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आली. नवसाची गोष्ट तिला तिच्या आईनं त्या आठवड्यातच सांगितली होती. तोवर तिला वाटायचं, अप्पांना, म्हणजे वडिलांना, गाण्याचा मनापासून कंटाळा आहे.

"माझ्यापायी त्यांचं गाणं गेलं ना, काका?"

मी खरं तेच सांगितलं. "गेलं. आणि त्यांना ते लागलं होतं. पण 'बोललो ते चुकलं' असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. आणि मी ते ऐकायला टपून बसलो होतो, बरं का."

ती डोळे पुसून, माझ्या पाया पडून गेली.

काही महिन्यांनी विजापुराहून तिचं कार्ड आलं. अक्षर वळणदार, चार ओळी. सगळे खुशाल आहेत. शेजारी ग्रामोफोन आहे आणि त्यांच्याकडे एक सारंगीची तबकडी ऐकली. ती तुम्ही जरूर ऐका, ऐकून मला कळवा. खाली तबकडीचा नंबर आणि कुठली बाजू ते लिहिलं होतं.

मला तोवर कुणी 'हे ऐका' असं सांगितलं नव्हतं. सांगणारा नेहमी मीच असायचो. सोलापुरात ती मिळेना. मामांना लिहिलं, त्यांनी दोन महिन्यांनी कुठूनतरी मिळवून पाठवली. मी ती आठवडाभर ऐकली. खरं सांगायचं तर तिनं लिहिलेली बाजू मला साधारण वाटली, पण उलट बाजूला एक छोटी धून होती, ती सुरेख होती. मी तिला तसंच लिहून पाठवलं.